रोजच्या रहदारीत स्पोर्ट्स कार: मुंबई-पुण्यात नव्याने चालवणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

स्पोर्ट्स कार रोजच्या रहदारीत चालवणे सुरक्षित आहे का, हा प्रश्न पहिल्यांदा अशी गाडी घेणारा जवळजवळ प्रत्येक जण विचारतो आणि त्याला मिळणारी उत्तरे बहुधा दोन टोकांची असतात. कोणी सांगतो की एवढे मोठे ब्रेक आणि एवढे रुंद टायर असलेल्या गाडीइतकी सुरक्षित गाडी दुसरी नाही; कोणी सांगतो की आपल्या रस्त्यांवर ती उतरवणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. माझ्या मते गाडीत मुळात दोष नसतो. आपल्या रहदारीतला रिक्षावाला, दुचाकीस्वार, पादचारी आणि ट्रकचालक हे सगळे साध्या गाड्यांच्या सवयीवरून अंदाज बांधत चालतात आणि स्पोर्ट्स कार त्या अंदाजात बसत नाही. ती अपेक्षेपेक्षा लवकर थांबते, अपेक्षेपेक्षा लवकर जवळ येते आणि बुटकी असल्यामुळे अपेक्षित जागी दिसत नाही. रोजच्या वापरातला बराचसा धोका या तफावतीतून येतो आणि तो कमी करणे चालकाच्या हातात असते. मुंबई, पुणे आणि त्यांच्यामधला रस्ता डोळ्यांपुढे ठेवून पुढील सूचना लिहिल्या आहेत.

गाडी पसंत करण्याआधी रस्ता मोजा

शोरूममध्ये जाण्याआधी आपल्या सोसायटीचा रॅम्प, ऑफिसचे पार्किंग आणि रोजच्या वाटेवरचे गतिरोधक मोजून घ्यावेत. हे काम बहुतेक जण गाडी घरी आल्यावर करतात, तेव्हा त्याचा काही उपयोग उरलेला नसतो. बहुतेक स्पोर्ट्स कारचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीचे पोट आणि रस्ता यांच्यातली मोकळी उंची, १० ते १३ सेंटीमीटरच्या आसपास असतो. मारुती स्विफ्टसारख्या साध्या गाडीचा तो १६ सेंटीमीटरच्या पुढे आणि ह्युंदाई क्रेटाचा १९ सेंटीमीटर असतो. त्यामुळे शेजाऱ्याची गाडी जिथून सहज जाते तिथून आपलीही जाईल, असे गृहीत धरता येत नाही.

मात्र केवळ उंचीवरून घाबरून जाण्याचे कारण नाही. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या मानकानुसार गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि मध्यभागी १० सेंटीमीटर उंच असतो, त्याच्या गोलाईची त्रिज्या १७ मीटर असते आणि तो ताशी २५ किलोमीटर वेगाने ओलांडावा अशी अपेक्षा असते. पोर्शे ९११ या गाडीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर सुमारे २.४५ मीटर आहे. अशी गाडी या गतिरोधकाच्या माथ्यावर येते तेव्हा तिची चारही चाके गतिरोधकावरच असतात आणि त्यामुळे पोटाखाली प्रत्यक्षात जेमतेम साडेचार सेंटीमीटरचा उंचवटा येतो. म्हणजे नियमाप्रमाणे बांधलेला गतिरोधक स्पोर्ट्स कारला लागतच नाही. गाडी खाली लागते ती गल्लीबोळात हौसेने घातलेल्या, दीड-दोन हात रुंद आणि वीतभर उंच अशा डांबरी उंचवट्यांवर, कारण तो पूर्ण उंचवटा दोन्ही चाकांच्या मध्ये मावतो आणि त्याची सगळी उंची पोटाखाली येते.

हे तपासायला महागडे उपकरण लागत नाही. पसंत केलेल्या गाडीच्या पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर कंपनीच्या माहितीपत्रकात दिलेले असते. तेवढ्या लांबीची एक सरळ फळी किंवा ॲल्युमिनियमची पट्टी घ्यावी. ती गतिरोधकाच्या माथ्यावर, वाहतुकीच्या दिशेने, बरोबर मधोमध टेकवावी आणि दोन्ही टोके जमिनीपासून सारख्याच उंचीवर येतील अशी तोलून धरावी. टोकांखाली जितकी पोकळी दिसेल तितका उंचवटा गाडीच्या पोटाखाली येणार, असे समजावे. रॅम्प जिथे संपून सपाट जमीन सुरू होते त्या कडेवरही हीच चाचणी चालते. आलेले माप गाडीच्या ग्राउंड क्लिअरन्सपेक्षा किमान तीन सेंटीमीटरने कमी असावे, कारण दोन माणसे बसल्यावर आणि पेट्रोलची टाकी भरल्यावर गाडी आणखी थोडी बसते. रॅम्पच्या पायथ्याशी अडचण वेगळी असते. तिथे पोट न लागता पुढच्या बंपरची खालची कड घासते. रोजच्या वाटेवर अशी एक जरी जागा असेल तर पुढचा भाग उचलणारी लिफ्ट प्रणाली घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन. ती नाक साधारण चार सेंटीमीटर वर उचलते आणि ठरावीक कमी वेगापर्यंतच काम करते. आकर्षक रंग, कार्बन फायबरची सजावट किंवा महागडी साउंड सिस्टीम यांवर खर्च करण्याआधी हा खर्च करावा.

गतिरोधक तिरका ओलांडताना

जाणकार सांगतात की उंच गतिरोधक तिरका घ्यावा, म्हणजे एका वेळी एकच चाक चढते आणि पोट लागत नाही. सल्ला बरोबर आहे, पण आपल्या रहदारीत त्याचा एक धोका आहे आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. आपण गतिरोधकापाशी वेग कमी केला की मागचा दुचाकीस्वार डाव्या बाजूच्या मोकळ्या जागेतून पुढे काढायला बघतो, आणि नेमक्या त्याच क्षणी आपण गाडीचे नाक डावीकडे वळवतो. त्याच्या दृष्टीने समोरची गाडी सरळ जाणार होती. म्हणून आधी ज्या बाजूला वळायचे त्या बाजूचा आरसा पाहावा, इंडिकेटर द्यावा, बाजूची दुचाकी पूर्ण पुढे जाऊ द्यावी आणि मगच चालण्याच्या वेगाने गाडी तिरकी घ्यावी. मागून कोणी हॉर्न वाजवत असेल तर वाजवू द्यावा. शाळा सुटण्याच्या वेळी किंवा बाजाराच्या रस्त्यावर एवढी जागा मिळणार नसेल, तर सरळ जाऊन थोडे घासू देणे हाच सुरक्षित पर्याय आहे; बंपरची कड बदलता येते.

सुरक्षिततेचे तारे आणि मागची सीट

किमतीवरून सुरक्षिततेचा अंदाज बांधू नये. स्पोर्ट्स कार थोड्या संख्येने विकल्या जात असल्यामुळे त्यांतील अनेक गाड्यांची स्वतंत्र अपघात चाचणी होतच नाही, आणि झाली तरी निकाल नेहमी चांगला येतो असे नाही. भारतात २०१६ पासून विकल्या गेलेल्या फोर्ड मस्टँगला युरो एनकॅप या गाड्यांची अपघात चाचणी घेणाऱ्या युरोपीय संस्थेने जानेवारी २०१७ मध्ये पाचपैकी केवळ दोन तारे दिले होते. एअरबॅगच्या फुगण्यातील उणीव, मागच्या प्रवाशांचे अपुरे संरक्षण आणि समोरची टक्कर टाळण्यासाठी आपोआप ब्रेक लावणाऱ्या प्रणालीचा अभाव ही त्यामागची कारणे होती. सुधारणा केल्यावर त्याच वर्षी ते तीन झाले. म्हणून गाडी घेताना स्वयंचलित ब्रेक, इलेक्ट्रॉनिक स्थिरता नियंत्रण (गाडी घसरू लागली की आपोआप सावरणारी प्रणाली), मागचा कॅमेरा आणि आरशात न दिसणाऱ्या बाजूची सूचना देणारी प्रणाली आहे का, हे यादी करून विचारावे.

लहान मूल घरात असेल तर आणखी एक प्रश्न आहे. दोन आसनी गाडीत मुलाची सीट पुढेच बसवावी लागते, आणि मागे तोंड असलेली बाळाची सीट चालू एअरबॅगसमोर कधीही ठेवायची नसते. पुढच्या प्रवाशाची एअरबॅग बंद करण्याची सोय नसेल तर ती गाडी त्या बाळासाठी नाही, हे मान्य करावे.

टायर

रोजच्या सुरक्षिततेत सर्वांत जास्त लक्ष टायरकडे द्यावे लागते. नोव्हेंबर २०१३ मध्ये अमेरिकन अभिनेता पॉल वॉकर ज्या पोर्शे कॅरेरा जीटीमध्ये प्रवासी म्हणून बसले होते, तिच्या अपघाताच्या तपासात दोन गोष्टी पुढे आल्या: ताशी ७२ किलोमीटरची मर्यादा असलेल्या भागात ती ताशी १३० ते १५० किलोमीटर वेगाने धावत होती आणि तिचे टायर नऊ वर्षांचे होते. त्या गाडीत स्थिरता नियंत्रणही नव्हते. कमी धावलेल्या गाडीचे टायर दिसायला नवे राहतात, पण रबर वयाने कडक होत जाते. जुनी स्पोर्ट्स कार विकत घेणाऱ्यांनी म्हणूनच टायरच्या बाजूवरचा चार अंकी शिक्का वाचावा. पहिले दोन अंक आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे असतात. २३१९ असे लिहिले असेल तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला आहे, आणि नक्षी कितीही खोल दिसली तरी तो बदलून घ्यावा.

या टायरची बाजू फार कमी उंचीची असते. नव्या पिढीच्या ९११ कॅरेरा एसच्या पुढच्या टायरचे माप २४५/३५ असे आहे (पहिला आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये; दुसरा बाजूची उंची रुंदीच्या किती टक्के हे सांगणारा), म्हणजे रिम आणि रस्ता यांच्यामध्ये सुमारे साडेआठ सेंटीमीटर रबर असते. १८५/६५ मापाच्या साध्या टायरमध्ये ते बारा सेंटीमीटर असते. त्यामुळे ज्या खड्ड्याने साध्या गाडीला नुसता धक्का बसतो, त्याच खड्ड्यात इथे टायरच्या बाजूला फुगा येऊ शकतो किंवा रिम वाकू शकते. खड्ड्यात जोरात आपटल्यावर त्याच दिवशी चारही टायरच्या बाजू, आतली बाजूसुद्धा, हात फिरवून तपासाव्यात. फुगा आलेल्या टायरवर द्रुतगती मार्गावर जाऊ नये. हवेचा दाब टायर थंड असताना, दरवाज्याजवळच्या पट्टीवर लिहिल्याप्रमाणे भरावा. बऱ्याच गाड्यांत पुढचे आणि मागचे टायर वेगवेगळ्या मापाचे असल्यामुळे त्यांची अदलाबदल करता येत नाही.

पहिले काही आठवडे

बसण्याची जागा आधी नीट करावी. पाठ सीटला टेकलेली असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर सहज पोहोचले पाहिजे आणि ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. पडून चालवल्यासारखे बसणे रुबाबदार दिसते, पण त्यामुळे समोरचा रस्ता आणखी कमी दिसतो. सीट शक्य तितकी वर घ्यावी. बाजूचे आरसे आपल्याच गाडीचा भाग जेमतेम दिसेल इतके बाहेर वळवावेत, कारण या गाड्यांचे मागचे खांब जाड आणि काचा अरुंद असल्यामुळे मान वळवूनही फारसे दिसत नाही.

गाडी नवी असताना साध्या मोडमध्येच चालवावी आणि स्थिरता नियंत्रण बंद करण्याचे बटण रस्त्यावर कधीही दाबू नये. साध्या गाडीवरून आलेल्या पायाला ॲक्सिलरेटर अर्धा दाबण्याची सवय असते. तोच अर्धा दाब इथे वळणावर मागची चाके घसरवू शकतो, विशेषतः सकाळी टायर थंड असताना, पेव्हर ब्लॉकवर किंवा उड्डाणपुलाच्या लोखंडी सांध्यावर. इंजिन मागे किंवा मध्ये असलेल्या गाडीत वळणाच्या मधोमध पाय एकदम उचलला तर वजन पुढे येते आणि मागचा भाग बाहेर झुकू लागतो. म्हणून वेग वळणाआधी कमी करावा आणि वळणात पाय स्थिर ठेवावा. गाडीची मर्यादा शोधण्याची इच्छा होणे स्वाभाविक आहे, पण ती कोइम्बतूर किंवा चेन्नईजवळच्या ट्रॅकवर, प्रशिक्षकाबरोबर शोधावी. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगर येथे भरधाव पोर्शेच्या धडकेत दुचाकीवरील एक तरुण आणि एक तरुणी मृत्युमुखी पडले. मध्यरात्रीनंतर रस्ता मोकळा दिसतो म्हणून वेग घेणाऱ्या प्रत्येकाने ती घटना आठवावी.

सिग्नल, रिक्षा आणि मागची गाडी

ताशी ५० किलोमीटर वेगाने गाडी दर सेकंदाला सुमारे १४ मीटर जाते. धोका दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीड सेकंद धरला तर २१ मीटर निघून जातात, आणि हे अंतर कोणत्याही गाडीने कमी होत नाही. त्यानंतर चांगल्या टायरची स्पोर्ट्स कार कोरड्या रस्त्यावर साधारण १० मीटरमध्ये थांबते, तर भरलेल्या ट्रकला त्याच वेगाला सहज २० मीटर लागू शकतात. म्हणजे आपण पूर्ण ताकदीने ब्रेक लावला तर आपण वाचतो आणि मागचा आपल्यावर येऊन आदळतो.

म्हणून पुढच्या गाडीपासून जास्त अंतर ठेवावे, आणि ते मुख्यतः मागच्या चालकासाठी ठेवावे. पुढे मोकळी जागा असली की आपल्याला हलका ब्रेक लवकर लावता येतो, मागे लाल दिवा लवकर दिसतो आणि मागच्याला वेळ मिळतो. त्या जागेत रिक्षा किंवा दुचाकी घुसेल, हे नक्की आहे. ती घुसल्यावर पुन्हा तेवढेच अंतर तयार करावे. यात आपले काही सेकंदच जातात.

वेग घेण्याबाबतही हीच गोष्ट लागू होते. रस्ता ओलांडणारा माणूस किंवा यू-टर्न घेणारा रिक्षावाला लांबच्या गाडीकडे एकदा पाहतो आणि ती इथपर्यंत यायला किती वेळ घेईल, हे साध्या गाडीच्या अनुभवावरून ठरवतो. ज्या गाडीला शून्यापासून ताशी १०० पर्यंत जायला चार सेकंदही लागत नाहीत, ती त्याने मान वळवेपर्यंत त्याच्यासमोर असते. चूक त्याची नसते. सिग्नल सुटल्यावर शेजारच्या गाड्यांच्या बरोबरीने निघावे आणि मोकळी जागा दिसली म्हणून झेप घेऊ नये.

स्पोर्ट्स कारची उंची साधारण १.२ ते १.३ मीटर असते. ट्रक किंवा बसच्या अगदी पुढे, किंवा डाव्या बाजूला चिकटून, ती चालकाला दिसतच नाही. मोठ्या वाहनाच्या शेजारी रेंगाळू नये. एक तर मागे राहावे, नाही तर पूर्ण पुढे जावे. दिवसाही हेडलाइट चालू ठेवावेत. या गाड्यांचे दरवाजे लांब असतात, त्यामुळे रस्त्याच्या कडेला उतरताना डाव्या हाताने उजवा दरवाजा उघडण्याची सवय लावावी. त्यामुळे शरीर आपोआप वळते आणि मागून येणारी दुचाकी नजरेस पडते.

मोबाइलवर चित्रीकरण करत दुचाकीवरून पाठलाग करणारे तरुण हा अलीकडचा, पण खरा धोका आहे. त्यांच्याकडे पाहून इंजिनाचा आवाज केला तर ते आणखी जवळ येतात. वेग हळूहळू कमी करावा, काच बंद ठेवावी आणि त्यांना पुढे जाऊ द्यावे.

द्रुतगती मार्ग आणि घाट

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाट भागात कारसाठी ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे आणि बोरघाटात ती त्याहून कमी आहे. समृद्धी महामार्गावर सपाट भागात १२० आहे. अशा गाडीत ताशी १०० हा वेग ६० सारखा वाटतो, म्हणून क्रूझ कंट्रोल किंवा वेगमर्यादेची सूचना लावून ठेवावी. घाट उतरताना स्टिअरिंगमागच्या पॅडलने खालचा गिअर घ्यावा, म्हणजे ब्रेक तापत नाहीत. कार्बन सिरॅमिक ब्रेक असतील तर लांब सरळ प्रवासानंतरचा पहिला ब्रेक, विशेषतः पावसात, थोडा उशिरा पकडतो असे जाणवू शकते. वळणाच्या आधीच एकदा हलका ब्रेक लावून ते जागे करावेत. लेन सोडून धावणारे ट्रक घाटात नेहमीचे आहेत. डाव्या बाजूने त्यांना मागे टाकण्याचा मोह टाळावा.

घाटात कोंडी झाल्यावर दुहेरी क्लचच्या (दोन क्लच वापरून आपोआप गिअर बदलणाऱ्या) गाड्यांत एक चूक सर्रास होते. पुढची गाडी दोन फूट सरकली की आपणही दोन फूट सरकायचे, असे तासभर केले की क्लच तापतो आणि गाडी सूचना देऊन थांबू शकते, तीही चढावर. पुढे एका गाडीइतकी जागा होऊ द्यावी, मग एकदाच सरकावे आणि थांबल्यावर ब्रेक पूर्ण दाबून ठेवावा.

पावसाळा

पहिल्या पावसात रस्त्यावरचे तेल आणि धूळ मिसळून निसरडा थर तयार होतो, तेव्हा शक्य असल्यास गाडी घरीच ठेवावी. रुंद टायरखालून पाण्याला बाजूला जायला जास्त अंतर कापावे लागते, त्यामुळे साचलेल्या पाण्यावर हा टायर साध्या टायरपेक्षा लवकर तरंगू लागतो. कायद्याने नक्षीची किमान खोली १.६ मिलिमीटर आहे, पण आपल्याकडच्या पावसात रुंद टायर ३ मिलिमीटरवरच बदलावेत. ट्रॅकसाठी बनवलेले, जवळजवळ गुळगुळीत टायर जूनच्या आधी काढून ठेवावेत. स्टिअरिंग एकदम हलके लागले तर गाडी पाण्यावर तरंगते आहे असे समजावे. ब्रेक न लावता, स्टिअरिंग सरळ धरून पाय हलकेच उचलावा.

तुंबलेल्या पाण्यात मात्र धाडस करू नये. काही गाड्यांत इंजिनासाठी हवा ओढणारी वाट खाली असते आणि इंजिनात पाणी गेले की ते कायमचे निकामी होऊ शकते. सब-वेमध्ये पाणी दिसले तर मागे वळावे. बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न करू नये. विम्यात इंजिन संरक्षणाची जोड घेतली आहे का, हे पावसाळ्याआधी पाहावे.

दुसऱ्याच्या हातात देताना

हॉटेलच्या दारात किल्ली व्हॅलेच्या, म्हणजे गाडी लावून देणाऱ्या कर्मचाऱ्याच्या, हाती देण्यापेक्षा स्वतः पार्क करण्याची परवानगी मागावी. गाडीत व्हॅले मोड (दुसऱ्याच्या हातात देताना गाडीवर मर्यादा घालणारी सोय) असेल तर तो वापरायला शिकावे. मित्राला चालवायला द्यायची असेल तर आधी त्याच्या शेजारी बसून, साध्या मोडमध्ये आणि मोकळ्या रस्त्यावर चालवू द्यावी. अल्पवयीन मुलाच्या हाती किल्ली देणाऱ्या पालकाला किंवा मालकाला मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, आणि गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते. सायलेन्सर बदलून आवाज वाढवण्यालाही याच कायद्यात १० हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

पंक्चर झाल्यावर

बहुतेक स्पोर्ट्स कारमध्ये स्टेपनी नसते. त्याऐवजी टायरचे छिद्र बुजवणारे द्रावण आणि छोटा पंप असा संच असतो. लहान छिद्राला तो पुरतो, फाटलेल्या टायरला नाही. द्रुतगती मार्गावर असे झाले तर इंडिकेटर देऊन हळूहळू डाव्या कडेला यावे, धोक्याचे दिवे लावावेत, सर्वांनी डाव्या बाजूने उतरून कठड्यापलीकडे उभे राहावे आणि मगच मदतीसाठी फोन करावा. गाडी उचलायला सपाट पाटाची टो गाडी हवी, हे फोनवरच स्पष्ट सांगावे. पुढची चाके उचलून ओढणाऱ्या क्रेनने बंपर तुटतो आणि मागच्या चाकांना ताकद देणारा गिअरबॉक्स खराब होऊ शकतो. टो करण्याचा हूक गाडीच्या हत्यारांच्या पेटीत असतो आणि तो बंपरवरच्या लहान झाकणामागे फिरवून बसवायचा असतो. हे झाकण कुठे आहे ते घरी, उजेडात, आधीच पाहून ठेवावे.